तात्यांच्या लाल गाडीचं तोंड

अलाइनमेंटच्या मशीनवर सगळे आकडे हिरवे होते, आणि तात्या माझ्या शेजारी उभे राहून सांगत होते की गाडी सरळ चालत नाही.

हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे चूक. गाडीच्या चारही चाकांची दिशा नेमकी कुठे आहे, हे ते मशीन मोजतं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा हिरवं. माझ्याआधी दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हेच केलं होतं आणि हिरव्या आकड्यांचा कागद हातात ठेवून तात्यांना वाटेला लावलं होतं.

“मशीन म्हणतंय सरळ हाय,” तात्या म्हणाले. “मग आता मशीनलाच बसव गाडीत आन् घिऊन जा ताम्हिणीला.”

मला राग आला. तात्यांचा नाही, त्या आकड्यांचा. चालवणारा एक सांगतो आणि मशीन दुसरंच सांगतं, तेव्हा दोघांपैकी कुणाला तरी खोटं ठरवून मोकळं होणं सोपं असतं. मी तसं कधी केलेलं नाही आणि त्या दिवशीही करणार नव्हते.

माझं वर्कशॉप पौड रस्त्यावर, भूगाव सोडून भुकूमकडे निघालं की लागतं. त्याआधी बरीच वर्षं मी एका कंपनीत सस्पेन्शनवर काम केलं. सस्पेन्शन म्हणजे गाडीचं अंग आणि चाक यांच्यामध्ये जे जे असतं ते सगळं: स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, चाक धरून ठेवणारे दांडे. खड्ड्यात चाक खालीवर होतं आणि तुमचा चहा सांडत नाही, तो या मंडळींमुळे. माझं माहेर पौडचं. वडिलांचं तिथल्या पेठेत भांड्यांचं दुकान होतं आणि भुकूमच्या तात्यांच्या लग्नातली भांडी आमच्याच दुकानातून गेलेली. त्यामुळे माझ्या दारावर कितीही मोठी पाटी असली तरी तात्यांच्या लेखी मी मुलाण्याची यास्मिन.

आता गाडीबद्दल. तात्या शेतकरी. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. एका बंगल्यात ते दूध घालायला जायचे. त्या बंगल्याच्या शेडमध्ये कव्हराखाली एक लाल जपानी स्पोर्ट्स कार उभी असायची. दोनच सीटची, जमिनीला टेकलेली, इंजिन सीटच्या मागे आणि पुढच्या बॉनेटखाली इंजिनाऐवजी डिकी. मालक परदेशी निघाले तेव्हा गाडीचे टायर बसलेले, टाकीत गंज आणि सीटमध्ये उंदीर होते. तात्यांनी तेव्हाच थोडी जमीन विकली होती. घरच्या प्रत्येकाने आपल्याला हवं ते घेतलं. तात्यांनी ती गाडी घेतली.

लोक हसले. तात्यांनी मनावर घेतलं नाही. टाकी उतरवून स्वतः साफ केली. रबरी होज बदलले, ब्रेक उघडले, वायरिंग एकेक तार करून तपासलं. अडलं तिथे माझ्याकडे येऊन विचारायचे, शिकून घ्यायचे आणि घरी जाऊन करायचे. पिरंगुटच्या एमआयडीसीत भाच्याचं फॅब्रिकेशन आहे, त्याच्याकडून स्टीलचा सायलेन्सर बनवून घेतला. त्या सायलेन्सरचा आवाज मला आजही आवडतो. गाडीत बसताना तात्यांना टोपी काढून मांडीवर ठेवावी लागते, कारण छपराला लागते. तेवढी एक तडजोड त्यांनी गाडीसाठी केली होती, बाकी सगळ्या गाडीने त्यांच्यासाठी केल्या होत्या.

आणि आता ती गाडी जाणार होती. झालं असं की, तात्या नातीला शेजारी बसवून पौडच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला निघाले होते. एका उतारावर रस्ता थोडा खोलगट आहे. तिथे गाडीने अचानक डावीकडे ओढ घेतली, डांबर सोडलं आणि दगडी कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण पोर रडत घरी आली आणि तात्यांचा मुलगा संदीप हे ऐकून पांढरा पडला.

संदीप प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. माणूस वाईट नाही. गाडी माझ्याकडे आली त्याच संध्याकाळी तो वर्कशॉपवर आला.

“यास्मिनताई, स्पष्ट बोलू? मुंबईचे एक जण आहेत, जुन्या गाड्या जमवणारे, ते रविवारी गाडी बघायला येतायत. मी शब्द दिलाय.”

“आणि तात्यांनी?”

“तात्या म्हणाले, यास्मिनला दोष सापडला आणि निघाला तर ठेवायची. नाही सापडला तर मी स्वतः चावी देतो. ताई, तुम्ही नुसतं बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. माझी मुलगी होती त्या गाडीत.”

मी म्हटलं, मी बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही, हे तुझ्या वडिलांना विचार. तो कसनुसा हसला आणि गेला. तात्या सबंध वेळ बाहेर गाडीपाशी उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच वस्तू होती, हे मला माहीत होतं. त्यांचा चेहरा बघवेना.

गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या दोन्ही सस्पेन्शनच्या डोक्यावर पांढरे नायलॉनचे ठोकळे बसवलेले दिसले. त्यामुळे गाडीचं तोंड चांगलंच वर उचललं गेलं होतं. मी विचारलं, हे कधी केलंत? तात्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं. भाच्याने लेथवर काढून दिले होते.

त्यामागची हकिगत मात्र ऐकण्यासारखी निघाली. पीक निघाल्यावर आमच्याकडे वरच्या गावांमध्ये नाचणीची कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी फुकटात होते. जीप, टेम्पो, एसटी सगळे त्यावरून जातात आणि कुणाचं काही बिघडत नाही. तात्यांची गाडी एवढी खाली, की तिच्या तोंडाखालच्या पत्र्याने कणसांचा ढीगच खरवडून पुढे नेला. एक म्हातारी ओरडत मागे धावली की लाल गाडीवाला आमची नाचणी घेऊन चालला. तात्यांनी गाडी थांबवली, खाली बसून पत्र्यात अडकलेलं सगळं हाताने काढून परत दिलं. पण बाजारात ही गोष्ट त्यांच्या आधी पोचली. शेतकऱ्यावर नाचणीचोर म्हणवून घ्यायची वेळ आली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तोंड उचललं.

मी गाडी चालवून बघितली. तोंड उचललेलं असल्यामुळे वेग घेतला की वारा खालून शिरायचा आणि पुढची बाजू हलकी लागायची. स्टिअरिंग हातात जरा पोकळ वाटायचं. पण कठड्याकडे ओढ घेईल असं काहीच नाही. मग तात्यांना चालवायला दिलं आणि मी शेजारी बसले. तेच. तोच खोलगट उतार आम्ही दोनदा उतरलो. गाडी मुकाट सरळ गेली.

“आज गुणी झालीया,” तात्या पुटपुटले. “त्या दिशी हातातनं स्टिअरिंग हिसकलं तिनं. मी खोटं न्हाई बोलत, बाय.”

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस कारणं देतो. तात्यांकडे एकही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतली जुनी पद्धत काढली. वेळखाऊ आहे म्हणून गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही. मशीन चाक मोजतं ते गाडी जागेवर उभी असताना. रस्त्यावर चाक एका जागी नसतंच, ते सतत वरखाली होत असतं. म्हणून पुढच्या स्प्रिंगा काढल्या आणि चाक जॅकने थोडं थोडं वर उचलत गेले. प्रत्येक वेळी चाकाचं तोंड कुठे वळतं ते चाकाला टेकवलेल्या फळीवर काट्याचा मीटर लावून मोजलं.

इथे एक शब्द सांगायला हवा: टो. काही माणसं पावलं आत वळवून चालतात, काही बाहेर फेकून. चाकांचंही तसंच असतं. दोन्ही चाकांची पावलं बाहेर फेकली गेली तर गाडी जागा मिळेल तिकडे पळायला बघते. ठोकळ्यांमुळे चाक धरणारा दांडा आणि स्टिअरिंगचा दांडा यांचं जमेनासं झालं होतं. गाडी उभी होती त्या उंचीवर सगळं ठीक. पण पुढची बाजू त्याहून बरीच दबली की पावलं भराभर बाहेर फेकली जात होती.

दोष सापडला. पण मी खूश नव्हते. रिकामी गाडी त्या उतारावर तेवढी दबत नव्हती, हे आम्ही दोनदा उतरून पाहिलं होतं. तेवढं दाबायला पुढे वजन हवं. नात तर सात-आठ वर्षांची, आणि सीट गाडीच्या मधोमध. त्या दिवशी पुढे असं काय होतं? तात्यांना विचारलं, डिकीत काही ठेवलं होतं का. “न्हाई बा, सामानसुमान काय बी न्हवतं,” म्हणाले. कुणी बॉनेटवर बसलं होतं का, असंही विचारून पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर पुढचा प्रश्न गिळला.

शेवटी स्प्रिंगा परत बसवल्या आणि म्हटलं, चला, याच गाडीने तुमच्या घरी जाऊ. गाडी जिथून निघाली तिथूनच सुरुवात करू. आम्ही कंपनीत असंच करायचो. तक्रार सापडत नसेल तर ग्राहकाच्या दारातून निघायचं, त्याच्या रस्त्याने जायचं, तो थांबतो तिथे थांबायचं.

घरी माईंनी चहा टाकला. माई म्हणजे तात्यांच्या पत्नी. मी पडवीत बसले होते. भिंतीला टेकून सिमेंटचं एक जुनं पोतं कशाने तरी भरून, तोंड शिवून ठेवलेलं होतं. नुसतं बोलायचं म्हणून मी विचारलं, यात काय आहे, माई?

“वाळू हाय,” माई म्हणाल्या. “गाडीतली. तुज्याकडं यायचं म्हनून काडून ठिवलीया.”

मी कप खाली ठेवला.

तात्या अगदी शांतपणे म्हणाले, “अगं, ती तोंडावर टाकायची. ट्रॅक्टरचं तोंड उचलाय लागलं की फुडं वजन टाकत्यात. ही बी उचलत हुती, म्हनून टाकली.”

“तात्या, मी तुम्हाला विचारलं डिकीत काही होतं का.”

“तू सामान इचारलंस. ह्ये काय सामान हाय व्हय? ह्ये गाडीचंच हाय.”

त्यांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीने चोख होतं. ट्रॅक्टरच्या तोंडावरचं वजन हा ट्रॅक्टरचाच भाग असतो, ते कुणी सामानात धरत नाही. मग मी विचारलं, गाडीचंच आहे तर माझ्याकडे येताना काढलंत कशाला? तात्या जरा ओशाळले. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर धुऊन, पुसून, रिकामी करून द्यावी. घाण आणि भरलेली गाडी दुरुस्तीला नेणं बरं दिसत नाही. बैल नालबंदाकडे नेतानाही ते आधी धुवायचे. प्रत्येक गॅरेजला जाताना त्यांनी वाळू उतरवली होती आणि घरी आल्यावर परत चढवली होती. प्रत्येक मशीनने धुतलेली, रिकामी, हलकी गाडी मोजली होती आणि प्रामाणिकपणे हिरवा आकडा दिला होता.

ते पोतं आम्ही दोघांनी उचलून डिकीत ठेवलं आणि वर्कशॉप गाठलं. मशीनवर घेतली. पुढचे दोन्ही आकडे लाल. पोतं डावीकडे सरकवलं, तर डावा आणखी लाल. खोलगट उतार, त्यात दबलेलं तोंड आणि उतरताना डावीकडे घसरलेली वाळू. कठडा तिथेच होता.

तात्यांनी लाल आकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजी मीच पोरीला तिकडं नेली.” मला वाईट वाटलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, तात्या, तुम्ही प्रत्येक दुखण्यावर औषध केलंत. नाचणीसाठी ठोकळे, ठोकळ्यांसाठी वाळू. औषधं बरोबर होती, फक्त ती एकमेकांशी भांडत होती. आता भांडण मिटवू.

सगळ्यात सोपा उपाय होता ठोकळे काढून टाकायचे. तो मी सुचवला आणि तात्यांनी तिथल्या तिथे फेटाळला. गाडी परत टेकली तर गावच्या स्पीडब्रेकरवर आपटणार आणि सुगीत पुन्हा कुणाची तरी नाचणी पळवणार. गावात वापरता येत नाही ती गाडी मुंबईवाल्याने नेली काय आणि शेडमध्ये राहिली काय, सारखंच. त्यांचं म्हणणं मला पटलं. गाडी मालकाच्या रस्त्यासाठी असते. गाडी खाली करून देणारे पुष्कळ आहेत. उंच ठेवून सरळ चालवून दाखवणं हे काम होतं, आणि ते मला करायचं होतं.

वाळू कायमची उतरवली. पुढचे ठोकळे बारीक करून घेतले आणि मागेही थोडी उंची दिली, म्हणजे गाडी सपाट बसेल, तोंड आभाळाकडे राहणार नाही आणि वारा खालून उचलणार नाही. मग खरं काम. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथे त्याला खाली आणणारा एक तुकडा लागणार होता. किती खाली, हे पुस्तकात मिळत नाही. भाच्याच्या लेथवर एक बनवला, बसवला, चाक वरखाली करून मोजलं. कमी पडला. दुसरा बनवला, जास्त झाला. तात्या स्वतः फळी धरून बसायचे आणि मीटर वाचायचे. शनिवारी दुपारी बसवलेला तुकडा मात्र असा जमला, की चाक तळापासून माथ्यापर्यंत उचललं तरी मीटरचा काटा जेमतेम हलला. मी कंपनीतल्या लोकांसमोरही तो काटा ताठ मानेने ठेवला असता. तात्यांनी चाक पुन्हा एकदा उचलून बघितलं, मग पुन्हा एकदा, आणि टोपी नीट केली.

रविवारी मुंबईचे गृहस्थ तात्यांच्या घरी वेळेवर आले. सभ्य माणूस होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून सायलेन्सर बघितला आणि हे काम कुणी केलं म्हणून विचारलं. तात्यांनी माझ्याकडे आणि भाच्याकडे बोट केलं. स्वतःचं नाव घेतलं नाही, म्हणून ते मी घेतलं.

आधी गाडी संदीपने चालवायची, असं मीच सुचवलं होतं. तात्या शेजारी बसले, टोपी मांडीवर. मी माझ्या गाडीतून मागे. खोलगट उताराच्या आधी संदीपने वेग कमी केला. मग बहुधा त्याचा त्यालाच राग आला असावा, कारण त्याने परत वेग घेतला आणि गाडी त्या खळग्यात उतरली. लाल गाडी दबली, वर आली आणि आपल्या लेनमध्ये सरळ निघून गेली. मागून मला कठड्याकडे तसूभरही ओढ दिसली नाही. पुढे वळून ते परत आले आणि तोच उतार पुन्हा उतरले. आता संदीपला गरज नव्हती. त्याला हौस वाटत होती.

घरी परतल्यावर संदीप गाडीतून उतरला, पण चावी त्याच्याच हातात होती. पडवीत थांबलेला पाहुणा उठून उभा राहिला. संदीपने चावी तात्यांच्या हातात ठेवली आणि पाहुण्याला म्हणाला, “सर, माफ करा. तुम्हाला एवढ्या लांब बोलावलं. गाडी द्यायची नाहीये.”

पाहुण्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांचे डोळे भरले होते आणि ते चावीकडेच बघत होते. माईंनी आतून विचारलं, किती जणांचा चहा टाकू. तात्या म्हणाले, “समद्यांचा.” मग नातीला हाक मारली आणि विचारलं, येतीस का. तिने आधी बापाकडे पाहिलं. संदीपने मान हलवली. ती जाऊन बसली, आणि बेल्ट लावायला तात्यांच्या आधी तिनेच हात घातला.

मला अभिमान वाटला, आणि तो वाटला हे सांगायला मला संकोच नाही. कंपनीत मी मोठमोठ्या गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलं. ज्या गाडीचा मालक मला नावाने हाक मारतो, ती सरळ करताना जे वाटलं ते तिथे कधी वाटलं नव्हतं.

शिकायचं ते मी शिकले. आता माझ्या वर्कशॉपच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: गाडी धुऊन आणि रिकामी करून आणू नये. रोज वापरता तशी आणावी. लोक वाचतात आणि गाडी धुऊनच आणतात. त्यामुळे कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी मी मालकाला एकच प्रश्न विचारते: निघताना घरी काय उतरवून ठेवलंत? बहुतेक जण काहीच नाही म्हणतात. मग मी त्यांच्या घरी फोन लावते.